घराच्या छताची झाडलोट : मान व कंबर राखून करण्याची रीत

शेतकीच्या मासिकांत घराच्या छताची झाडलोट हा विषय कशासाठीं, असें कोणी वाचक विचारील. त्यास उत्तर असें कीं, वखराचा दांडा किती लांब असावा, डवरा कोठें धरावा, विळ्यास मूठ कशी बसवावी, हें आपण मोठ्या बारकाईनें पाहतों. परंतु घटस्थापनेपूर्वी व दिवाळीपूर्वी घरांतील बायका ज्या काठीनें जळमटें काढतात ती काठी किती लांब आहे व किती जड आहे, हें घरधन्यानें बहुधा कधीं हातांत धरून पाहिलेलें नसतें. पुढें चार दिवस मान आखडते, खांदा वर होत नाहीं, आणि तें सर्व सणाच्या दगदगीच्या खातीं जमा होतें. कोणी पलंगावर स्टूल ठेवून चढते आणि खुब्याचें हाड मोडून घेते. मग ऐन सोयाबीन काढणीच्या व कापूस वेंचणीच्या दिवसांत घरांतील दोन माणसें दवाखान्यांत अडकतात. हें काम श्रमाचें आहे खरें, पण त्यांतील निम्मे श्रम केवळ चुकीच्या जागीं उभें राहिल्यानें होतात, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

नागपूर शहराच्या उत्तर भागांत जरीपटका नांवाची मोठी वस्ती आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनीं तेथें नव्यानें संसार मांडिले व वस्ती भरभराटीस आणिली. उत्तरेकडील तालुक्यांतील कित्येक शेतकऱ्यांचीं मुलें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं शहराच्या याच बाजूस बिऱ्हाड करून राहतात. त्यामुळें एकाच कुटुंबास गांवीं कवेलूंचें छप्पर व शहरांत सिमेंटचें छत अशा दोन्हींची निगा करावी लागते. दोहोंचा मळ निराळा आणि म्हणून रीतही निराळी. शहरांतील छतावर चुलीची काजळी नसते. तेथें रस्त्याची धूळ, फोडणीचा तेलकट धूर आणि डास घालविण्याच्या उदबत्तीची काळिमा असते. शहराच्या उत्तरेसच कोराडी व खापरखेडा येथील कोळशावर चालणारीं वीजकेंद्रें आहेत. राखेचा बारीक अंश वाऱ्याबरोबर उडतो, हें त्या बाजूच्या गांवकऱ्यांस वेगळें सांगावयास नको. त्यांत नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे घरोघर कूलर सुरू होतात. ज्या खोलींतून ती ओली हवा बाहेर जाण्यास वाट नसते, तेथें छताच्या कोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके उठतात, आणि पावसाळ्यांत ते पसरतात.

गांवाकडे चित्र पालटत आहे. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळें पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली, तरी पाणी तापविण्यास व भाकरीस पऱ्हाटी आणि तुराटी जळतच आहे. धुराची एक जुनी सोय मात्र येथें सांगितली पाहिजे. बियाण्याची मक्याचीं वा ज्वारीचीं कणसें चुलीवरील वाशांस टांगून ठेवण्याची जी रीत होती, ती अडाणीपणाची नव्हे. धुरानें व कोरडेपणानें कीड दूर राही. म्हणून स्वयंपाकघराच्या लांकडावरील काळा लेप अगदीं खरवडून काढण्याचा आग्रह धरूं नये. लोंबणारीं जळमटें व सुटी काजळी काढली म्हणजे पुरे.

आतां मुख्य गोष्ट. छत झाडतांना माणूस नेमका त्या जागेच्या खालीं उभा राहतो, मान पूर्ण मागें टाकतो आणि दोन्ही हात डोक्यावर नेतो. या स्थितींत शरीराचे तीन भाग एकाच वेळीं ताणले जातात. मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. मान मागें टाकून वळविली असतां वृद्ध माणसांत त्या दबूं शकतात. कानाच्या आंतल्या भागांत तोल सांभाळणारी नळ्यांची रचना आहे; तींत चुन्याच्या जातीचे अति सूक्ष्म कण असतात, आणि ते जागचे सुटलेले असले तर वर पाहतांच घर फिरल्यासारखें वाटतें. फळीवरील डबा काढतांना ज्यास भोंवळ येते, त्यानें छताच्या कामास हात लावूं नये, मग वय कांहींही असो. तिसरा भाग खांदा. हात खांद्याच्या वर गेला कीं तेथील स्नायूंचे दोर दोन हाडांच्या फटींत दाबले जातात. दहा मिनिटें हें सोसतें, दोन तास सोसत नाहीं. रोममधील प्रसिद्ध प्रार्थनामंदिराचें छत मायकेलअँजेलो या चित्रकारानें १५०८ ते १५१२ या काळांत रंगविलें. तो परांचीवर उभा राहून, मान मागें टाकून काम करी, आणि त्या दिवसांतील आपल्या शरीराच्या दुर्दशेवर त्यानें एक विनोदी कविता लिहून ठेविली आहे. एवढ्या बळकट माणसाची ही गत, तर नऊवारी सांवरून काम करणाऱ्या आजीबाईंची काय होईल!

उपाय एका वाक्यांत सांगतां येतो : डोक्यावरचें झाडूं नये, समोरचें झाडावें. छत जमिनीपासून १० फूट आहे व डोळे ५ फुटांवर आहेत असें धरूं. म्हणजे छत डोळ्यांपासून ५ फूट वर आहे. झाडावयाची जागा आपल्यापुढें तितकीच, म्हणजे ५ फूट दूर ठेविली, कीं दृष्टि काटकोनाच्या निम्मीच वर न्यावी लागते. त्यांतील कांहीं भाग डोळे स्वतः वर फिरून भरून काढतात. मानेच्या वांट्यास थोडाच उरतो. याहून दूर उभें राहिल्यास मान आणखी सरळ राहील, परंतु काठी ११-१२ फुटांची लागेल आणि मानेची बचत खांद्यावर खर्च होईल. तेव्हां छत डोळ्यांहून जितकें उंच तितकेंच पुढें, हा हिशोब बरा. कंबरेशीं, म्हणजे जमिनीपासून ३ फुटांवर, काठीचें बूड धरलें तर ७ फूट उंची व ५ फूट अंतर यांसाठीं सुमारें साडेआठ फूट काठी लागते. कुंचा धरून ९ फूट. विटेच्या कोरड्या जोत्यावर खूण करावी त्याप्रमाणें प्रत्येक घरानें आपल्या छताची उंची एकदां मोजून काठी कापून ठेवावी. शेजारच्या घराची काठी आपल्या घरास बसेलच असें नाहीं.

दुसरा हिशोब तरफेचा आहे, आणि मोट वा ढेकळी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तो सहज कळेल. ९ फुटांच्या काठीच्या टोंकाशीं ओल्या फडक्याचें १ किलो वजन आहे. मागचा हात बुडाशीं व पुढचा हात त्याच्यापुढें दीड फुटावर धरला, तर पुढच्या हातापासून टोंक साडेसात फूट दूर राहतें. मग मागच्या हातास ५ किलोंचा दाब खालीं द्यावा लागतो आणि पुढच्या हातावर एकंदर ६ किलो येतात. काठीचें वजन वेगळेंच. तेच दोन हातांत ३ फुटांचें अंतर ठेविलें, तर मागच्या हातास २ व पुढच्यास ३ किलो. कुंचा तोच, काठी तीच, आणि भार निम्म्यावर आला. येथें कोणतेंही यंत्र विकत घ्यावें लागत नाहीं. हात लांब धरण्याची आठवण तेवढी ठेवावी लागते.

याहूनही सोय हवी असेल तर जरीपटका या नांवाकडेच पाहावें. जरीपटका म्हणजे मराठी फौजेचें जरीचें निशाण. आजही संचलनांत निशाण धरणारा शिपाई काठीचें बूड हातांत तोलून धरीत नाहीं. गळ्यांतून वा कंबरेवरून घेतलेल्या पट्ट्यास एक खोलगट खिसा असतो, त्यांत तें टेकवितो. जुन्या गोणपाटाच्या दुपदरी कापडाचा असा खिसा शिवून ओढणीनें वा पदरानें कंबरेस बांधावा. काठीचें वजन कंबर घेते, आणि हातांस ती केवळ आपल्याकडे ओढून धरावी लागते. खिसा पोटाच्या मधोमध न बांधतां जरा उजव्या अंगास बांधावा, म्हणजे धक्का बसला तरी पोटास लागत नाहीं.

काठी वाळलेल्या पोकळ बांबूची असावी. हिरवा बांबू दिसावयास सरळ असतो पण पाण्यानें जड असतो. सावलींत वाळविल्याखेरीज वापरूं नये. पेरें तासून गुळगुळीत करावीं व धरण्याच्या दोन जागीं सुतळी गुंडाळावी. टोंकास काय बांधावें, हें मळावर अवलंबून आहे. कोळिष्टकांस शिंदीच्या पानांचा हलका फडा उत्तम. खळ्यावर वापरतात तो तुराट्यांचा खराटा येथें निरुपयोगी, कारण तो जड असतो आणि गिलावा ओरखडतो. फडा काठीच्या रेषेंत सरळ न बांधतां किंचित् वांकवून बांधावा. काठी तिरपी धरली असतां त्याची बाजू छतास सपाट टेकली पाहिजे. सरळ बांधलेल्या फड्याचें केवळ टोंक टेकतें, आणि मग माणूस नकळत पुढें सरकत सरकत पुन्हा त्या जागेच्या खालीं येऊन उभा राहतो.

शिडीविषयीं थोडेंच सांगतों, कारण शिडीची गरज न पडणें हाच या रीतीचा हेतु आहे. चढणें भागच पडलें तर दर ४ फूट उंचीस शिडीचें बूड भिंतीपासून १ फूट दूर असावें, खालीं एक माणूस धरावयास असावें, आणि दोन्ही हात कामांत गुंतवूं नयेत. खुर्चीवर स्टूल, पलंगावर घडवंची, धान्याच्या पोत्यांवर पाट, हे प्रकार मुळींच करूं नयेत. पोतें पायाखालीं सरकतें, आणि पलंगाची गादी तोल जाईपर्यंत कळूं देत नाहीं.

विजेची काळजी शहरांत अधिक. पंखा पुसण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी. पात्याचा मळ खालीं पडूं न देतां काढण्याची युक्ति अशी कीं, जुन्या उशीचा अभ्रा पात्यावर पिशवीसारखा चढवावा आणि दाबून ओढून घ्यावा. धूळ आंतच राहते. हें एवढें काम मात्र शिडीवरूनच होतें. आजकाल लांब होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या काठ्या मिळतात. त्या हलक्या आहेत हें खरें, पण धातूच्या आहेत. उघड्या तारेस टेकली तर झटका थेट हातांत येतो. बांबू बरा, तोही कोरडा असेल तोंवरच. ओल्या बांबूवर विसंबूं नये.

साफ करतांना आधीं कोरडें, मग ओलें, हा क्रम मोडूं नये. काजळी म्हणजे अर्धवट जळलेल्या कोळशाची अति बारीक पूड. पाणी लागतांच ती गिलाव्याच्या छिद्रांत शिरते आणि पुसाल तितकी पसरते. प्रथम फड्यानें सुटी काजळी पाडावी. मग राहिलेला भाग टिपावा, चोळूं नये. यास घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा नामी आहे; तो दाबून उचलला कीं काजळी त्यास चिकटून येते. ही कल्पना कोणास नवलाची वाटेल, पण अमेरिकेंत कोळशाच्या शेगड्यांच्या काळीं भिंतीच्या कागदावरील काजळी काढण्यासाठीं असाच मऊ गोळा दुकानांत विकत असे. घरें गॅसवर व विजेवर गेल्यावर त्याचा खप बसला, आणि १९५६ पासून तोच पदार्थ मुलांस आकार करावयाचें खेळणें म्हणून विकला जाऊं लागला. आपल्याकडे अन्नाची नासाडी नको म्हणून सोंडे लागलेल्या पिठाची कणीक यासाठीं वापरावी. आणि काजळलेला गोळा गुरांस घालूं नये.

ओलें काम कोठें करावें व कोठें करूं नये, हें छताच्या लेपावरून ठरतें. चुना लावलेलें छत धुवूं नये. तें कोरडें झाडून त्यावर नवा हात द्यावा. एक किलो कळीच्या चुन्यास सुमारें ५ लिटर पाणी घेऊन चुना विरवावा, एक दिवस मुरूं द्यावा व जाड फडक्यांतून गाळावा. विरतांना तो उकळतो, म्हणून मुलें दूर ठेवावीं. छतास चुना देतांना थेंब डोळ्यांत जाण्याचा धोका सर्वांत मोठा. चष्मा घालावा, आणि थेंब गेलाच तर डोळा न चोळतां स्वच्छ पाण्याच्या धारेखालीं बराच वेळ धरून दवाखाना गांठावा. तेलाच्या रंगाचें छत धुतां येतें. शेगडीवरील तेलकट थरास धुण्याचा सोडा कोमट पाण्यांत विरघळवून लावावा, कारण सोड्यानें तेलाचा साबण बनतो व तो पाण्यानें सुटतो. फडकें मात्र पिळून घ्यावें, नाहींतर गळणारें पाणी बाहीवाटे कोंपरापर्यंत उतरतें आणि वर सांगितलेलें किलोभर वजन फुकट वाढतें. बुरशीवर ब्लीचिंग पावडरचें पाणी चालतें, परंतु त्याच दिवशीं त्याच जागीं संडास धुण्याचें ॲसिड वापरूं नये. दोहोंच्या मिश्रणानें क्लोरीन हा विषारी वायु सुटतो.

छत झाडणें ही त्याची तपासणीही आहे, आणि या कामाचा खरा लाभ मला येथें दिसतो. वर्षांत दोनदांच आपण छताकडे नीट पाहतों. सिमेंटच्या छतावर बांबूचें बूड जागोजागीं हलकें टोंचून पाहावें. निरोगी जागा ठणठणीत वाजते. बद्द आवाज आला तर गिलावा सुटला आहे असें समजावें. कोठें तांबूस रेघ दिसली तर आंतील सळई गंजत आहे. गंज मूळ लोखंडाहून दुप्पटीपेक्षां अधिक जागा व्यापतो आणि सिमेंटास आंतून फोडतो. मग एके दिवशीं निजलेल्या माणसावर पापुद्रा कोसळतो. जरीपटक्यासारख्या वस्तींत जेथें पन्नास-साठ वर्षांपूर्वीचीं छतें आहेत, तेथें त्या खोलींतील पलंग आधीं हलवावा आणि मग मिस्त्री बोलवावा. लांकडी कडीपाटाखालीं पिठासारखी भुकटी पडली असेल तर भुंगा लागला आहे. भिंतीवरून वर गेलेली मातीची नळी म्हणजे उधई. कवेलूंच्या घरांत उजेडाचा ठिपका दिसला तर तेथील कवेलू फुटलेलें आहे, आणि त्याची खूण करून ठेवण्यास याहून चांगली वेळ नाहीं. पालीस मारूं नये. ती किडे खाते. गांधीलमाशीचें पोळें दिसल्यास तेवढा कोपरा सोडावा.

गोठ्यावर व कोठारावर जे जुने सिमेंटचे नालीदार पत्रे असतात, त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतु असतात. त्यांची धूळ फुप्फुसांत गेल्यास तिचा रोग कित्येक वर्षांनीं प्रगट होतो, आणि तो बरा होत नाहीं. असे पत्रे आंतून तारेच्या ब्रशानें घासूं नयेत, कोरडे झाडूं नयेत. पाणी शिंपडून मगच हलक्या हातानें पुसावे. कोठाराचें छत व माळा नवें धान्य येण्यापूर्वी झाडावा. वाशांच्या फटींत गेल्या वर्षींचा चुरा राहतो, आणि खापऱ्याची अळी त्यांत अन्नावांचून दीर्घ काळ दडून राहूं शकते. म्हणून तेथील केर उकिरड्यावर न टाकतां जाळावा. शहरांतील घराच्या जुन्या तेलरंगाचे पापुद्रे मात्र जाळूं नयेत, कीं खतांतही घालूं नयेत, कारण अशा रंगांत शिसें असतें. ते निराळे बांधून कचरागाडींत द्यावे.

शेवटीं सागवानी छताविषयीं. तें पाण्यानें धुवूं नये. जवळजवळ कोरड्या फडक्यानें पुसून वर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. जवस आपल्या नागपूर विभागांतीलच पीक, तेल घरचें असतें, आणि लांकूड त्यानें तजेलदार होतें. पण तेलाचे बोळे काम संपल्यावर कोपऱ्यांत ढिगानें टाकण्याची जी संवय आहे ती भयंकर आहे. जवसाचें तेल वाळतें म्हणजे हवेंतील प्राणवायु घेतें, आणि तसें होतांना उष्णता निघते. फडकें पसरलेलें असेल तर ती उडून जाते. चुरगळलेल्या ढिगाच्या पोटांत ती सांठत जाते, आणि कांहीं तासांनीं, कोणी काडी न लावतां, ढीग पेट घेऊं शकतो. दिवाळीच्या सुमारास त्याच घरांत वेंचलेला कापूस भरलेला असतो. बोळे त्याच संध्याकाळीं अंगणांत दगडावर एकेक वेगळे पसरून कडक होईपर्यंत वाळवावेत. तितका वेळ नसेल तर पाण्यानें भरलेल्या जुन्या डब्यांत बुडवून, झांकण लावून, कापसाच्या खोलीपासून दूर ठेवावेत.